‘जेवॉकर’ : शिवीतून आलेला गुन्हा

अमेरिकेत सिग्नल न पाळता किंवा झेब्रा पट्टे सोडून मधूनच रस्ता ओलांडला, की त्याला ‘जेवॉकिंग’ म्हणतात. शब्द कायद्याच्या पुस्तकातला वाटतो, पण जन्माने तो शिवी आहे. शतकापूर्वीच्या अमेरिकी बोलीत ‘जे’ म्हणजे गावंढळ, शहरात येऊन भांबावलेला माणूस.

गंमत म्हणजे सुरुवातीला या ‘जे’चा मार हाकणाऱ्यालाही बसत होता. १९०५च्या सुमारास कॅन्ससमधली वर्तमानपत्रे चुकीच्या बाजूने गाडी हाकणाऱ्याला ‘जे-ड्रायव्हर’ म्हणत. ‘जेवॉकर’ही तेव्हा फुटपाथवर आडवातिडवा चालून इतरांच्या वाटेत येणारा होता. रस्ता ओलांडण्याशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला.

मोटारी वाढल्या, माणसे, विशेषतः मुले, चिरडली जाऊ लागली. लोकांचा राग साहजिकच वेगावर होता. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरातल्या सुमारे ४२ हजार नागरिकांनी सह्या करून मागणी केली, की मोटारींना ताशी २५ मैलांपुढे, म्हणजे साधारण ४० किलोमीटरपुढे, जाऊ न देणारे यंत्र बसवा. मोटार विक्रेते हादरले. त्यांनी जोरदार प्रचार केला आणि मतदानात प्रस्ताव पडला. पुढे वाहन उद्योगाने दोषाचे बोट पादचाऱ्याकडे वळवले, हे इतिहासकार पीटर नॉर्टन यांनी ‘फायटिंग ट्रॅफिक’ या ग्रंथात तपशीलवार दाखवले आहे. या कामी ‘जेवॉकर’ फार उपयोगी पडला. दंडापेक्षा चारचौघांत अडाणी ठरण्याची भीती मोठी!

भौतिकशास्त्र मात्र सह्या करणाऱ्यांच्याच बाजूचे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटर झाला तर तो दीडपट, पण धडकेतली ऊर्जा सव्वादोनपट. ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतरही तितकेच वाढते. शिवाय चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात ६० च्या वेगाने गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. पादचारी कितीही शहाणा असला तरी हे गणित बदलत नाही.

शंभर वर्षांनी जेवॉकिंगविरोधी कायदे सैलावत आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३पासून धडकेचा तात्काळ धोका नसेल, तर पोलिस पादचाऱ्याला यासाठी अडवू शकत नाहीत. न्यूयॉर्क शहराने २०२४ मध्ये हा गुन्हाच रद्द ठरवला. तिथे दंडाच्या बहुतेक पावत्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांच्याच नावे फाटत होत्या.