कोनासंग बोलून रायला बे?

बोलणारे चष्मे बाजारात आलेत, फोन तर केव्हापासूनच आपलं ऐकतोय. मग चारचौघांत त्यांच्याशी बोलायची वेळ आली की आपली जीभ का अडखळते?

सकाळचे साडेनऊ. शहापूरचा स्टॉप. नागपूर-भंडारा हायवेवरून ट्रक धडधडत चाललेत, कॉलेजला निघालेली पोरंपोरी घोळक्याने उभी आहेत. समजा, तुमच्या डोळ्यांवर काळ्या फ्रेमचा एक चष्मा आहे. दिसायला साधा, पण आत कॅमेरा, माइक, स्पीकर, सगळं. आज पाऊस येणार का, हे तुम्हाला बघायचंय. खिशातून फोन काढायची गरजच नाही. फक्त मोठ्याने म्हणायचं, 'हे मेटा, आज भंडाऱ्यात पाऊस आहे का?'

म्हणाल?

खरं सांगायचं तर बहुतेक जण नाही म्हणणार. गुपचूप फोन काढतील आणि अंगठ्याने टाइप करतील. कारण चष्म्याचं उत्तर यायच्या आधी शेजारच्या दोस्ताचा प्रश्न येणार, हे पक्कं माहीत असतं, 'कोनासंग बोलून रायला बे?'

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. चेहऱ्यावर घालायचा कॉम्प्युटर विकण्यासाठी जगातल्या बड्या कंपन्यांनी अब्जावधी डॉलर ओतलेत आणि त्यांची गाडी पुन्हा पुन्हा याच प्रश्नापाशी येऊन अडतेय.

चष्मा नवा, लाज जुनी

२०१३ मध्ये गुगलने 'गुगल ग्लास' नावाचा चष्मा निवडक लोकांना विकायला काढला. किंमत १५०० डॉलर. उजव्या डोळ्याच्या वर एक चिमुकला स्क्रीन, आणि काम करून घ्यायचं तर म्हणायचं, 'ओके ग्लास'. पण तो घालून बाहेर पडणाऱ्याकडे लोक संशयाने बघायला लागले. हा आपल्याशी बोलतोय, स्वतःशी बोलतोय की आपला व्हिडिओ काढतोय, काही कळायला मार्ग नाही. सिएटलमधल्या एका बारने तर हा चष्मा लोकांच्या हातात पडायच्या आधीच त्यावर बंदी जाहीर केली. तो घालणाऱ्यांना चिडवायला एक शिवीवजा शब्दही तयार झाला. जानेवारी २०१५ मध्ये गुगलने ती विक्री थांबवली.

दहा वर्षांनी तीच कल्पना फॅशनेबल होऊन परत आलीय. रे-बॅन मेटा हा चष्मा मे २०२५ मध्ये भारतात आला, किंमत २९,९०० रुपयांपासून पुढे. फोटो काढतो, गाणी लावतो, समोरची पाटी वाचून दाखवतो. याला स्क्रीन मात्र नाही. म्हणजे काटेकोर अर्थाने हा एआर, म्हणजेच ऑगमेंटेड रिअॅलिटीचा चष्मा नव्हे. एआर म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर कॉम्प्युटरने काढलेलं चित्र किंवा अक्षरं बसवणं. २०१६ मध्ये पोकेमॉन गो खेळणाऱ्यांना फोनवर आपल्याच गल्लीत पोकेमॉन दिसत होते ना, तसं. काचेतच स्क्रीन असलेला मेटा रे-बॅन डिस्प्ले सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत आला, ७९९ डॉलरला. त्याच्या महिनाभर आधी रिलायन्सने 'जिओ फ्रेम्स' जाहीर केला आणि भारतीय भाषांत बोलायची सोय देऊ असं सांगितलं.

शहापूरच्या स्टॉपवर असा चष्मा घातलेला कुणी तुम्हाला अजून दिसला नसेल. पण स्मार्टफोनही एकेकाळी दिसत नव्हताच की!

एकाने हाक मारली, सगळ्यांनी ओ दिली

१७ सप्टेंबर २०२५. कॅलिफोर्नियात मेटाचा कार्यक्रम. मार्क झुकरबर्ग स्टेजवरून नव्या चष्म्यांची जादू दाखवत होता. एका शेफने चष्म्याला हाक मारली आणि स्टीकसाठी सॉस कसा करायचा ते विचारलं. चष्मा गडबडला. अजून काही केलेलं नसताना 'तू हे हे मिसळलंच आहेस' असं म्हणून थेट पुढच्या पायरीवर गेला. शेफने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. लोक हसायला लागले. स्टेजवर दोष वायफायवर ढकलला गेला.

खरं कारण नंतर कंपनीचे तंत्रज्ञान प्रमुख अँड्र्यू बॉसवर्थ यांनी सांगितलं. शेफने जी आज्ञा उच्चारली, ती ऐकून त्या इमारतीतले सगळेच रे-बॅन मेटा चष्मे जागे झाले आणि सगळ्यांचा भार एकाच सर्व्हरवर पडला!

आवाजाचं असंच असतं. टाइप केलेलं फक्त तुमच्या स्क्रीनवर राहतं, बोललेलं सगळ्यांच्या कानावर जातं. चष्म्यांच्याही आणि माणसांच्याही.

त्यात कुजबुजूनही भागत नाही. कुजबुजताना स्वरयंत्रातल्या पट्ट्या कंप पावत नाहीत, त्यामुळे आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला ते शब्द पकडणं जड जातं. हायवेवरच्या हॉर्नमध्ये तर विचारूच नका. शिवाय हाक मारायचा शब्दही मुद्दाम विचित्र ठेवलेला असतो. रोजच्या गप्पांत चुकून उच्चारला जाईल असा शब्द ठेवला तर यंत्र उठसूट जागं होईल. म्हणजे तुम्ही चारचौघांत एक विचित्र शब्द, तोही ठणठणीत आवाजात म्हणावा, अशीच या यंत्रांची मागणी आहे.

तुळशीशी बोलतो, मग चष्म्याशी का नाही?

आता गंमत बघा. माणूस नसलेल्यांशी बोलणं आपल्याला काही नवीन नाही. आजी तुळशीला पाणी घालताना तिच्याशी बोलते. शेतकरी बैलाशी बोलतो, पोळ्याच्या दिवशी तर लाडाने बोलतो. थंडीत गाडी सुरू होत नसली की तुम्हीही टाकीवर थाप मारून म्हणता, 'चल ना बाप्पा!' तेव्हा कुणी वेड्यात काढत नाही. कारण बघणाऱ्याला दिसतं की समोर तुळस आहे, बैल आहे, गाडी आहे.

फोनचंही तेच. एसटीत एखादे काका अख्ख्या घराचं भांडण मोठमोठ्याने फोनवर सांगत असतात. आपल्याला त्रास होतो, पण ते कुणाशी बोलतायत हा प्रश्न पडत नाही. कानाला लावलेला हात ही एक खूण असते. ती वाचायला आपण सगळे शिकलोय. त्याआधी एसटीडी-पीसीओ होते. पिवळ्या पाटीच्या दुकानात काचेची केबिन असायची. आत जायचं, दार ओढायचं आणि बोलायचं. बाहेरच्यांना माणूस दिसायचा, शब्द ऐकू जायचे नाहीत.

चष्म्याने ही खूणच काढून घेतली. हात मोकळे, कान मोकळे, नजर समोर. तुम्ही म्हणता, 'समोर काय लिहिलंय, सांग', आणि पुढच्या सीटवरच्या काकू वळून बघतात. चूक त्यांची नाही. त्यांना वाटलं तुम्ही त्यांनाच विचारलं!

सोनीने १९७९ मध्ये पहिला वॉकमन काढला, तेव्हा कंपनीचे अकिओ मोरिता यांना अशीच काळजी वाटली होती. एकट्याने कानात गाणी घालून बसणं बाकीच्यांना उद्धटपणाचं वाटेल. म्हणून त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या, आणि गाण्याचा आवाज कमी करून एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक खास बटणही. पुढे लोकांना सवय झाली आणि ते बटण गेलं. पण यंत्र वापरणाऱ्याइतकाच त्याच्या शेजारी बसलेल्याचाही विचार करावा लागतो, हे मोरितांना कळलं होतं.

'फोनची मराठी'

आपल्याकडे या लाजेला आणखी एक पदर आहे, आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

गुगल असिस्टंट २०१८ पासून मराठी समजतो. रे-बॅन मेटाशी ऑक्टोबर २०२५ पासून हिंदीत बोलता येतं. पण जरा आठवा, फोनला काही विचारताना तुमचा आवाज कसा होतो? दोस्ताला विचारताना 'पानी येऊन रायला का बे?' आणि फोनला विचारताना एकदम 'आज भंडारा येथे पाऊस पडणार आहे का?' जणू सात वाजताच्या बातम्या! आपली बोली घरी ठेवून आपण 'फोनची मराठी' बोलतो, नाहीतर सरळ इंग्रजीवर जातो. मग बाजूचे हसणार नाहीत तर काय? त्यांना तुमचा खरा आवाज माहीत आहे.

आपण झाडीपट्टीतले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या भागातली झाडीबोली ही आपली. तिच्यात 'ण' आणि 'ळ' नाहीत. पाणी होतं पानी, डोळा होतो डोरा. यंत्र काही मुद्दाम कुणाच्या बोलीला नावं ठेवत नाही. त्याला शिकवताना ज्यांचे आवाज जास्त वापरले, त्यांचं बोलणं त्याला जास्त कळतं, एवढंच. आणि जे लाजून गप्प बसले, त्यांचे आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

यावर काम सुरू आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था गुगलच्या मदतीने 'वाणी' हा प्रकल्प चालवते. देशातल्या ७७३ जिल्ह्यांतून लोकांचं बोलणं गोळा करायचं हे त्याचं उद्दिष्ट आहे. केंद्र सरकारच्या 'भाषिणी'मध्ये 'भाषादान' नावाची सोय आहे. तिथे वाक्यं वाचून तुम्ही आपला आवाज देऊ शकता. आवाज द्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण 'आमचं बोलणं मशीनला कळत नाही' ही तक्रार करताना ते मशीन कुणाकडून शिकलं, हेही माहीत असू द्या.

ज्यांना लाजणं परवडत नाही

ही लाज मुख्यतः आपल्या वयाची आहे. घरात बघा. ज्यांना टाइप करणं जमत नाही ते यूट्यूबचा माइक दाबून बिनधास्त बोलतात, 'भजन लाव'. रोवणीच्या दिवसांत बांधीत उभ्या असलेल्या माणसाचे दोन्ही हात चिखलात असतात. खोडकिडा की करपा, हे टाइप करून कोण विचारणार? राज्याच्या कृषी विभागाचं 'महाविस्तार' ॲप मराठीतून अशा प्रश्नांची उत्तरं देतं, ते याचसाठी.

आणि ज्यांना दिसत नाही, त्यांचं काय? डेन्मार्कमध्ये २०१५ मध्ये 'बी माय आइज' हे ॲप सुरू झालं. दृष्टिहीन माणसाने व्हिडिओ कॉल करायचा आणि कुठल्यातरी अनोळखी स्वयंसेवकाने त्याला समोरचं वाचून दाखवायचं. आता काही देशांत हा कॉल रे-बॅन मेटावरून, फक्त बोलून लावता येतो. काठी धरलेल्या हाताला फोन काढावा लागत नाही. अशा माणसासाठी 'समोर काय आहे, सांग' हे शायनिंग नाही. तो त्याचा रस्ता आहे. आपण वळून हसलो, तर तो उद्या गप्प बसेल.

मग गप्प राहूनच केलं तर?

कंपन्यांनाही आपली लाज कळलीय. मेटा रे-बॅन डिस्प्लेसोबत एक मनगटी पट्टा येतो. स्नायूंमधले बारीक विद्युत संकेत तो वाचतो. अंगठा आणि बोट हलकेच जुळवलं की काम झालं, तोंड उघडायला नको. दिल्लीत वाढलेल्या अर्णव कपूरने एमआयटीत असताना २०१८ मध्ये 'अल्टरइगो' नावाचं यंत्र दाखवलं होतं. मनातल्या मनात शब्द उच्चारताना जबड्याकडे जे संकेत जातात, ते पकडायचा हा प्रयत्न.

झकास! लाज मिटली. पण एक सांगा, तुम्ही कॅन्टीनमध्ये दोस्ताला तुमचं काहीतरी जिवाचं सांगताय आणि तो तुमच्याकडे बघत, चष्म्यातला मेसेज वाचत, टेबलाखाली बोटं जुळवत बसलाय. तुम्हाला कळणारही नाही. फोन हातात असता तर निदान 'ठेव ना तो बाजूला' असं म्हणता तरी आलं असतं.

म्हणून वाटतं, शेजारच्याचा तो प्रश्न वाचवायला हवा. 'कोनासंग बोलून रायला बे?' हा फक्त टोमणा नाही. तू आत्ता माझ्यासोबत आहेस की नाही, एवढंच तो विचारतोय. आवाजाने चालणारी यंत्रं वापरायला लाजू नका, आपल्या बोलीत वापरायला तर अजिबात नको. पण बाजूच्याला उत्तर देणं आपल्याकडे लागतं.

चौकट : एवढं पाळलं तरी पुरे

• चारचौघांत यंत्राशी बोलायचं तर आधी हाताने खूण करा. फ्रेमला बोट लावा, फोन तोंडासमोर धरा. बघणाऱ्याला कळतं.

• समोर माणूस असेल तर सांगून टाका, 'थांब, जरा पाऊस विचारतो.' दोन सेकंद लागतात.

• ओटीपी, पिन, पत्ता, दवाखान्याची गोष्ट मोठ्याने कधीच नाही. ते टाइपच करा.

• कॅमेऱ्याचा चष्मा असेल तर वर्गात, हॉस्टेलवर, कुणाच्या घरी तो काढून ठेवा. रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रेमवर छोटा दिवा लागतो, पण तो काय आहे हे समोरच्याला ठाऊक असेलच असं नाही.

• दुसरा कुणी बोलत असेल तर वळून हसू नका. त्याला कदाचित त्याची गरज असेल.

• आणि एकदा तरी यंत्राला आपल्या बोलीत विचारून बघा. नाही कळलं तर पुन्हा विचारा. शिकायचं काम त्याचं आहे.