शाळेशी जुळलेले मन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळेतल्या मोठ्या माणसांना आणि सोबत्यांना आपल्या अभ्यासाची, आणि अभ्यासापलीकडे आपलीही काळजी आहे, असा विद्यार्थ्याचा विश्वास म्हणजे शाळेविषयीची आपुलकी. अमेरिकेतील सुमारे १२ हजार कुमारवयीन मुलामुलींची पाहणी मायकेल रेस्निक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. घराशी आणि शाळेशी घट्ट नाते असलेल्या मुलांमध्ये भावनिक ताण, आत्महत्येचे विचार, हिंसा आणि व्यसने कमी आढळली. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. आधीच खचलेले मूलही शाळेपासून तुटते. पुढच्या अभ्यासांतही हा संबंध वारंवार दिसला. तरी काही समजुती हटत नाहीत.

रोज येणारे, बरे गुण मिळवणारे मूल शाळेत रमलेले असते, ही त्यातली पहिली. वर्धा जिल्ह्यातील अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी, सातवी किंवा आठवीला संपते. पुढे एसटीने समुद्रपूर, आष्टी किंवा कारंजा (घाडगे) गाठायचे. गावच्या गुरुजींना मुलाचे अख्खे घर माहीत असते. नव्या वर्गात तो हजेरीपटावरचा एक क्रमांक होतो. ओळखीची माणसे सुटतात ती नेमकी वयात येण्याच्या काळात. हजेरीपटावर मात्र ‘हजर’ एवढेच उमटते. अहिल्याबाई होळकर योजनेच्या पासामुळे मुलींचा तिकिटाचा प्रश्न सुटला, वेळेचा सुटला नाही. कबड्डीचा सराव किंवा स्नेहसंमेलनाची तालीम शाळा सुटल्यावर ठेवली, की परतीच्या गाडीवर अवलंबून असलेल्या मुली आपोआप गळतात. मैत्री जुळते ती अशाच ठिकाणी. म्हणून हे कार्यक्रम शाळेच्या वेळेत बसवणे हा वेळापत्रकाइतकाच मनःस्वास्थ्याचाही प्रश्न आहे.

‘लाड केले की शिस्त बिघडते’ हे वाक्य पालकसभेत हमखास ऐकू येते. क्लिआ मॅकनीली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेले निष्कर्ष वेगळे आहेत. वर्ग नीट सांभाळला जातो तिथे आपुलकी जास्त आढळली, आणि शिक्षा कठोर असते तिथे कमी. म्हणजे शिस्त हवीच, धाक नको. भारतात शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. चारचौघांत पाणउतारा करणे दुसऱ्या प्रकारात मोडू शकते, हे बहुधा विसरले जाते.

सर्वांत चिवट समज म्हणजे ‘हे सगळे शिक्षकांनीच करायचे’. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सत्तरहून अधिक शाळांत ‘सेहर’ हा प्रयोग झाला. काही शाळांत प्रशिक्षण दिलेला, पण शिक्षक नसलेला ‘सेहर मित्र’ नेमला. काहींत तेच काम शिक्षकाकडे दिले. उरलेल्यांत नेहमीचा कार्यक्रम चालू ठेवला. कामात भित्तिपत्रक, मुलांनी मनातले लिहून टाकायची पेटी, प्रार्थनेच्या वेळची चर्चा, स्पर्धा आणि गरजूंना एकट्याने समुपदेशन होते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालानुसार मित्र असलेल्या शाळांतले वातावरण ठळकपणे सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी घटली. शिक्षकांच्या हाती दिलेल्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. यावरून शिक्षक निरुपयोगी ठरत नाहीत. शिकवणे, परीक्षा आणि कागदपत्रे सांभाळणाऱ्या माणसावर आणखी एक जबाबदारी टाकून भागत नाही, असा त्याचा अर्थ लावणे अधिक रास्त. शिवाय आदल्या तासाला रागावलेल्या सरांपुढेच मन मोकळे करणे कोणत्या मुलाला जमेल?

ही कल्पना परदेशी असल्याचाही आक्षेप घेतला जातो. वर्ध्यापुरता तरी तो टिकत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा तयार केला. तो हस्तोद्योगातून शिक्षणाचा होता, मानसिक आरोग्याचा नव्हे; तसा दावा करणे ओढाताणीचे होईल. पण सेवाग्रामच्या शाळेत कताई, शेती, सफाई आणि स्वयंपाक मुले मिळून करत. तिथे २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेनेही ही कामे शिक्षणाचा भाग मानली आहेत. आज भाजी चिरायची पाळी ज्याची आहे, तो आला नाही तर सर्वांच्या ध्यानात येते. आपल्यावाचून काही अडते, ही जाणीव संशोधक प्रश्नावलीतून शोधतात. इथे ती कामाच्या वाटणीतून येते.

शेवटचा गैरसमज उलट्या टोकाचा : शाळा चांगली असली की उपचारांची गरज नाही. आपुलकीने धोका कमी होतो, आजार बरा होत नाही. झोप उडणे, जेवण तुटणे, आवडत्या गोष्टीतूनही मन निघणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, किंवा मरणाची भाषा एकदाही आली, तर तपासणी हवी. मरणाचा विचार येतो का, असे सरळ विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक चालतात, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.