‘शेवटचा पीस आहे, भाऊ!’

या शब्दांत भल्याभल्यांचं पाकीट उघडायची ताकद असते. शूज असोत, जीन्स असो की मोबाइल. परत मिळणार नाही म्हटलं की आपल्याला ती वस्तू अचानक हवीहवीशी वाटायला लागते. शूजचं ठीक आहे हो, सहा महिन्यांत नवी डिझाइन येतात. पण वाद्य घेताना हाच डायलॉग कानावर आला तर?

यंदाच्या एप्रिलमध्ये मला तो जळगावात ऐकायला मिळाला. मेंडोलिनच्या बाबतीत.

झालं असं, की धुळ्याला माझे मामा आहेत. दिवसा एसटीची नोकरी आणि रात्री ऑर्केस्ट्रात मेंडोलिन, असं त्यांनी पंचवीस वर्षं केलं. आता तेरा वर्षांची नात त्यांच्याकडे शिकते. घरात वाद्य एकच, आणि खानदेशातल्या उन्हानं त्याची मान वाकवली. शिकवणी बंद! बरं, पोरीच्या मैत्रिणीकडे चकाचक की-बोर्ड आलेला. सुट्टीभर वाद्य हातात नसेल तर पोरगी तिकडे वळणार, हे मामांना दिसत होतं. मग पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याला फर्मान सुटलं, ‘नवं घेऊन ये!’

धुळ्यात बँजो सहज मिळाला. आपल्याकडे बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला, वरातीत धमाल उडवणारा. पण मेंडोलिन? नाही. जळगावात एका दुकानात सापडलं, तर दुकानदार म्हणाले, ‘कंपनीनं सध्या बनवणं थांबवलंय. परत कधी येईल, सांगता येत नाही. शेवटचा पीस आहे, भाऊ!’ आणि भाव? छापील किमतीच्या दीडपट.

घ्यायचं की नाही?

मोठमोठ्यांचंही थांबतं

आधी थोडा दिलासा. मेंडोलिन बनवणारे थांबतात, ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेतली गिब्सन ही या वाद्यातली बडी आसामी. मे 2010 मध्ये नॅशव्हिलला पूर आला, तेव्हा तिचंही काम ठप्प झालं होतं. 2018 मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी ती त्यातून बाहेरही आली.

त्याही आधीची गंमत ऐका. लॉइड लोअर नावाच्या माणसाच्या देखरेखीखाली गिब्सननं 1922 मध्ये एफ-5 हे मॉडेल काढलं. तेव्हा मेंडोलिनची क्रेझ ओसरत चालली होती. 1924 च्या अखेरीस लोअर कंपनीतून बाहेर पडला. पुढे 1940 च्या दशकात बिल मन्रो या गायकाला फ्लोरिडात एका न्हाव्याच्या दुकानात त्यातलंच एक जुनं मेंडोलिन दिसलं. 150 डॉलरला त्यानं ते उचललं आणि त्यावर ब्लूग्रास ही संगीताची नवी शैली उभी केली. आज लोअरची सही असलेलं मेंडोलिन एक लाख डॉलरच्या वर जातं. मन्रोनं ते सेकंडहँड घेतलं होतं, हे लक्षात ठेवा!

आपल्याकडचं बघायचं तर लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत मुळात मेंडोलिनवादक आणि प्यारेलाल व्हायोलिनवादक. दोन्ही वाद्यांचं ट्यूनिंग सारखंच. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी याच वाद्यावर रागदारी वाजवली. यू. श्रीनिवास यांनी इलेक्ट्रिक मेंडोलिनवर कर्नाटक संगीत आणलं आणि 1998 मध्ये पद्मश्री मिळवली. यांचं वादन ऐकताना आपण कुठे विचारतो, वाद्य कोणत्या कंपनीचं?

खरेदीचा फंडा

मामांनी फोनवरून मला चाचणी शिकवली. तुम्हीही लिहून घ्या.

मान बघा : वाद्य बंदुकीसारखं डोळ्याजवळ धरा आणि मानेवरून नजर टाका. मग तार पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर एकदम दाबा. मधे व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट चालते. जास्त असेल तर मान वाकलीय. हा दुखण्यातला मोठा खर्च, म्हणून सगळ्यात आधी हेच.

बारावी पट्टी : बाराव्या पट्टीवर तारेला नुसता स्पर्श करून छेडा, मग तिथेच दाबून छेडा. दोन्ही सूर एकच हवेत. नसतील तर लगेच घाबरू नका. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावरच उभी असते. थोडी सरकवून सूर जमतो का ते बघा.

खुंट्या : तारा आठ, जोड्या चार. आठही खुंट्या फिरवून बघा. सूर लावल्यावर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा ऐका.

तारा : बदलताना एकेकच काढा. सगळ्या एकदम काढल्या तर घोडी जागा सोडते.

ऊन : कोरड्या हवेत लाकूड आकसतं, चिरतं. पेटीत भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवा. आणि मे महिन्यात वाद्य कारमध्ये सोडून जेवायला जाऊ नका, प्लीज!

आता मुद्द्याचं. तारा, घोडी, खुंट्या या गोष्टी कंपनीच्या जिवावर नसतात, दुसरीकडच्याही बसतात. कंपनी थांबल्यानं तुमचं नुकसान होतं ते वॉरंटीचं. म्हणजे ‘शेवटचा पीस’ खरं तर स्वस्त मिळायला हवा, महाग नव्हे! मी दुकानदारांना हेच विचारलं, वॉरंटी कोण देणार? ते हसले. भाव मात्र उतरला नाही.

आमचं काय ठरलं?

जळगावच्या पीसची मान सरळ होती. पण बाराव्या पट्टीचा सूर घोडी सरकवूनही जमेना. मी फोन स्पीकरवर टाकून मामांना ऐकवलं. ते म्हणाले, ‘राहू दे.’

दोन दिवसांनी धुळ्यातच एका जुन्या वादकाच्या घरी एक मेंडोलिन निघालं. माथ्यावरचं कंपनीचं नाव पुसलेलं, दोन खुंट्या गंजलेल्या. मी नाव वाचायचा प्रयत्न करत होतो, तर मामा अहिराणीत खेकसले, ‘नाव काय वाचस? वाजाडीसन देख!’ मान सरळ निघाली. घरच्यांनी योग्य पैसे घेतले. नव्या तारा, नवी घोडी, दोन खुंट्या असा खर्च धरूनही जळगावच्या भावापेक्षा कमीत काम झालं.

मामांचं स्वतःचं वाद्य अजून तसंच पडलंय. वाकलेली मान सरळ करणारा कारागीर जवळपास मिळालेला नाही, आणि ही अडचण कोणत्याही नव्या पीसनं सुटणारी नाही. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिथे पिढ्यान् पिढ्या वाद्यं बनवणारी घरं आहेत. वाद्य बनवणारा आणि दुरुस्त करणारा हात आपल्या टप्प्यात असणं किती मोलाचं, हे धुळ्यात बसून नीट कळतं. म्हणून घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा, हे बिघडलं तर मी कुणाकडे नेणार?

पोरगी सध्या रोज संध्याकाळी तासभर वाजवते. मामा शेजारी बसून बोटं दाखवतात. कंपनी सुरू होईल तेव्हा होईल. तेव्हा नवा पीस घ्यायचा की नाही, हे तिचं तीच ठरवेल, वाजवून!