वकिलीची उमेदवारी कोठे करावी?

घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी येथे आम्ही एका शिलाई कारागिराच्या दुकानात बसलो होतो. त्यांची मुलगी औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) तीन वर्षांच्या वकिलीच्या अभ्यासक्रमाला आहे. तिने मुंबईतील बारा नामांकित लॉ फर्मची यादी करून आणली होती. वडिलांनी यादी आमच्यापुढे ठेवली. "भाई, यातल्या कुणाला अर्ज करायचा? उत्तर नाही आले तर पोरगी खचेल, अन् आले तर मुंबईचा खर्च मी कुठून करू?"

यादी वाईट नव्हती, पण ती नुसत्या पाट्या वाचून केलेली होती. आपण मुलाला गॅरेजमध्ये किंवा कारखान्यात शिकायला ठेवतो तेव्हा पाटी पाहत नाही. उस्तादाच्या हाताखाली किती पोरे शिकून बाहेर पडली, हे विचारतो. वकिलीतही हीच पारख चालते.

आधी कामाचा प्रकार ठरवावा. मुंबईच्या मोठ्या फर्मचे बरेचसे काम कंपन्यांचे करार, कर्जाचे दस्त आणि मालमत्तेचे कागद यांचे असते. मजकूर इंग्रजीत, पगार चांगला. पण नव्या मुलाला कोर्टात उभे राहण्याची संधी कमी. ज्याला सॉलिसिटर व्हायचे आहे त्याला तीन वर्षे आर्टिकलशिप करून बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यावी लागते. त्याने मुंबईच गाठावी.

मात्र ज्याला कोर्टात बोलायचे आहे त्याचे दार जवळच आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ पासून बसते, आणि मराठवाडा, खानदेश व नगर मिळून बारा जिल्ह्यांची प्रकरणे तेथे येतात. भूसंपादनाच्या मोबदल्याची अपिले, नोकरीची प्रकरणे, रिट अर्ज असे तेथील काम. वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय आणि वक्फ न्यायाधिकरणही त्याच शहरात. जालन्यात पोलाद व बियाण्यांचा व्यापार मोठा, म्हणून वसुलीचे दावे आणि न वटलेल्या चेकचे कलम १३८ चे खटले भरपूर. अंबडच्या कोर्टात वाटणीचे, बांधाचे, रस्त्याचे दावे. ते किरकोळ वाटतात, पण साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यावी हे खालच्या कोर्टातच शिकायला मिळते. उच्च न्यायालयात कागदांवर युक्तिवाद चालतो, साक्षीदार क्वचितच दिसतो.

मग वकील कसा पारखावा? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाचे नाव टाकले की त्याची प्रकरणे दिसतात. दहा मिनिटांत कळते की हा माणूस दिवाणी चालवतो की फौजदारी. त्यानंतर दोन दिवस कोर्टात मागच्या बाकावर बसावे. ज्युनियर काही बोलतो, की केवळ तारीख मागून परत येतो? साहेबांकडून सुटलेले ज्युनियर आज कोठे आहेत, हे त्यांच्या कारकुनाला विचारावे. कारकून सहसा खरे सांगतो.

पैशाची बोलणी आधीच करावीत, लाजू नये. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. जालना-अंबडकडे इतकी रक्कम मिळेल असे धरून चालू नये. सनदेसाठी मात्र ७५० रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी ठरवून दिले. पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मुलीला न्यायाधीश व्हायचे असेल तर आणखी एक हिशेब आहे: २० मे २०२५ च्या निकालात याच न्यायालयाने कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांचा अनुभव आवश्यक ठरवला, आणि त्याचा दाखला न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा त्यांच्या पुष्टीसह किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचा असावा असे सांगितले.

सर्वांत उपयोगी गोष्ट विद्यार्थ्यांना ठाऊक असते, पण तिचा फायदा घेतला जात नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे इंटर्नशिप करायची असते. एका वर्षी सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. म्हणजे तीन वर्षांत तीन ठिकाणे पाहून घेता येतात, तीही सनद मिळण्यापूर्वी. बहुतेक मुले ओळखीच्या वकिलाकडून कागद आणून महाविद्यालयात जमा करतात आणि ही संधी वाया घालवतात.

आता ओळखीचे. बद्रुद्दीन तय्यबजी हे मुंबई उच्च न्यायालयातील पहिले हिंदी बॅरिस्टर, १८६७ सालचे. वडील खंबायतचे व्यापारी, आणि थोरले बंधू कमरुद्दीन आधीच सॉलिसिटर होते. घरात सॉलिसिटर असणे नव्या बॅरिस्टरला किती उपयोगी, हे सांगायला नको. कारागिराच्या मुलीला असा भाऊ कोठला? पण व्यापारी बंधूंनो, तुमचे वसुलीचे आणि जीएसटीचे कागद कोणत्या ना कोणत्या वकिलाकडे जातातच. त्यांना एक फोन करून "या मुलीला चार आठवडे बसू द्या" म्हणायला काय लागते? गिऱ्हाइकाचा शब्द वकील सहसा मोडत नाही.

त्या दुपारी यादीतली मुंबईची दोन नावे राहिली. त्याखाली मुलीने जालन्याचा एक दिवाणी वकील आणि खंडपीठातील भूसंपादनाची कामे करणारे एक चेंबर लिहिले. पहिला अर्ज जालन्याला जाणार, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या चार आठवड्यांसाठी. वडिलांनी मशीन थांबवून तीर्थपुरी ते जालना रोजच्या एसटीचा हिशेब मांडायला घेतला.