बेचाळीस अंश, पंधरा मिनिटं

सकाळी 7.30. रात्रभर वाढलेल्या ई. कोलायचं अर्धा मिलिलिटर कल्चर 35 मिलिलिटर ताज्या एलबीत टाकून फ्लास्क शेकरवर ठेवते. तापमान 32 अंश. 37 वर वाढ लवकर होते, पण मग प्लाझ्मिडमधली लॅम्डा फेजची जनुकं वेळेआधीच जागी होऊ लागतात.

8.00. परवाच्या मॅकॉन्की प्लेट्स मोजायला घेते. या जीवाणूचं गॅलॅक्टोज पचवणारं जनुक मध्येच एका ‘थांबा’ कोडॉनने तुटलेलं आहे. आम्ही पेशीत सोडलेल्या डीएनए-तुकड्याने ते दुरुस्त झालं की कॉलनी लाल, नाही तर फिकट. एकच अक्षर बदलणाऱ्या डीएनए-तुकड्याच्या प्लेटवर लाल ठिपके तुरळक. शेजारच्या चार कोडॉनची तिसरी अक्षरंही, प्रथिनाला धक्का न लावता, बदलली त्या प्लेटवर लालच लाल! एकटी चूक म्युटएस प्रथिन चटकन पकडतं आणि आमचं काम पुसून टाकतं. सलग बदलांची गाठ त्याला नीट पकडता येत नाही. म्युटएसचं जनुकच उडवून टाकणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. मग जीनोमभर नको ती म्युटेशन्स साचत जातात आणि नेमका बदल कशामुळे दिसला, हे सांगता येत नाही.

काही कॉलन्या अर्ध्या लाल, अर्ध्या फिकट. भराभर वाढणाऱ्या पेशीत क्रोमोसोमच्या एकाहून जास्त प्रती असतात, त्यातली एखादीच बदललेली. त्या पुन्हा स्ट्रीक करायच्या.

10.10. सकाळच्या कल्चरची ओडी, म्हणजे गढूळपणा, 0.45. फ्लास्क 42 अंशांच्या वॉटर बाथमध्ये, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. उष्णतेने लॅम्डाच्या जनुकांना दाबून ठेवणारा रिप्रेसर सुटतो आणि त्यांचं बीटा प्रथिन तयार होतं. आमचा एकेरी तुकडा डीएनएची नक्कल चालू असते तिथे नेऊन चिकटवणारं ते हेच. वेळ लांबली तर पेशी मरू लागतात. लगेच फ्लास्क बर्फाच्या पाण्यात गरगर फिरवते.

11.00. थंडगार पाण्याने धुणं. मीठ निघून गेलं की पेलेट सैल होतं आणि पाणी ओतताना त्याबरोबर घसरतं. म्हणून शेवटचं पाणी पिपेटने, श्वास रोखून.

12.15. इलेक्ट्रोपोरेशन, 1.8 किलोव्होल्ट. तिसऱ्या क्युवेटला फटकन आवाज.

‘ताई, स्पार्क झाला!’ एम.एस्सी.ची मुलगी दचकते.

मीठ राहिलंय. एक धुणं मीच कमी केलं होतं. राखून ठेवलेल्या पेशी तिच्याकडून पुन्हा धुवून घेते. या वेळी टाइम कॉन्स्टंट पाच मिलिसेकंदांच्या वर.

दुपारी 3.30. रिकव्हरी झाली. दहापटींनी पातळ करत प्लेट्सवर पसरते आणि 32 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये उलट्या ठेवते. उद्यासाठी कल्चर लावते.