ढोलकीवाला : फडाबरोबर फिरणारा वादक

तमाशाच्या बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, सर्वांत आधी येतात ते ढोलकीवाला आणि हलगीवाला. दोघे समोरासमोर उभे राहतात, एकाने टाकलेला तुकडा दुसरा उचलतो, लय चढत जाते आणि मैदानात विखुरलेली माणसे आपोआप बोर्डाकडे सरकू लागतात. ही सलामी झाल्यावर गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, म्हणजे नाट्य. या सगळ्या क्रमात बोर्डावरची माणसे बदलत राहतात, ढोलकीवाला मात्र सतत लागतो. तमाशाच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एकाला ‘ढोलकी फडाचा तमाशा’ हे नाव पडले ते या वाद्यावरून. दुसरी संगीत बारी. तिथे साथीदार पेटी-तबला घेऊन बैठकीत बसतात. फडातला, म्हणजे तमाशा मंडळीतला, ढोलकीवाला ढोलकी कमरेला बांधून उभ्याने वाजवतो आणि नाचणारीबरोबर पुढे-मागे सरकतो. त्याची नजर तिच्या पायांवर असते.

ढोलकीच्या एका तोंडावर तबल्यासारखी शाई असते. ते तोंड गाणारीच्या स्वराला लावतात आणि तमाशातला स्वर चढा असल्याने कातडे चांगलेच ताणावे लागते. दुसरे तोंड धुमाचे. त्यावर तळव्याची टाच दाबून घासली की घुमारा निघतो. लावणीची ओळ संपून पाय सुरू होतात, त्या क्षणी शाईवरची बोटे आणि धुमावरचा घुमारा एकत्र येतात आणि प्रेक्षकांतून शिट्टी येते. हिवाळ्यातल्या दमट रात्री कातडे उतरते, चैत्रातल्या उन्हात चढते, म्हणून वादकाजवळ हातोडी कायम असते. हलगीवाला तर बोर्डामागे जाळ करून हलगी शेकून घेतो, त्याशिवाय ती बोलत नाही.

ही विद्या शिकवणी लावून क्वचितच कोणी शिकले. ती घरात असते आणि घर फडात असते. हलगी वाजवणे हे गावगाड्यात महार-मांग समाजांकडे आलेले काम. त्याच घरांतून फडांचे अनेक वादक आणि मालकही उभे राहिले. नारायणगावचे खुडे घराणे हे याचे ठळक उदाहरण. नारायण खुडे यांची मुले भाऊ आणि बापू यांनी ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड गाजवला. भाऊंची मुलगी विठाबाई हिचा जन्म १९३५ मध्ये पंढरपूरला झाला. १९५७ आणि १९९० मध्ये तिला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. तिची मुलगी मंगला बनसोडे आणि नातू नितीन यांनी पुढे फड चालवला. खेळ चालू असताना बोर्डामागे बाळंत होऊन विठाबाई पुन्हा बोर्डावर आल्याची हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ, तुकाराम खेडकर-कांताबाई सातारकर आणि त्यांचा मुलगा रघुवीर खेडकर, हीदेखील अशीच फडकरी घराणी. अशा घरात कोण गातो, कोण नाचतो, कोण सोंगाड्या होतो. उरलेल्याच्या हाती टाळ किंवा तुणतुणे येते आणि हात बसला की ढोलकी. पोर ट्रंकेवर ठेका धरून शिकते. चूक झाली तर वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांतूनच कळते.

हंगाम दसऱ्याला सुरू होतो. वाद्यांची पूजा होते आणि फड बाहेर पडतो. आधी तंबूतले तिकिटाचे खेळ, मग गुढीपाडव्यापासून जत्रांतले सुपारीचे, म्हणजे आधी ठरलेल्या रकमेचे. या सुपाऱ्या ठरवण्यासाठी फडमालक पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात राहुट्या टाकतात आणि गावोगावचे कारभारी तिथे येऊन बोली करतात. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हंगाम आटोपतो. मोठ्या फडात शंभरावर माणसे असतात. बायका-पोरे, स्वयंपाकाची भांडी, पडदे, पेट्या, सगळे ट्रकमधून हलते.

जत्रेतला दिवस ढोलकीवाल्याला सर्वांत जड जातो. दुपारी ट्रक गावात पोचतो, संध्याकाळपर्यंत बोर्ड उभा राहतो. देवाचा छबिना, म्हणजे पालखीची मिरवणूक, फिरून आला की खेळ. पूर्वी वग उजाडेपर्यंत चाले. रात्री १० नंतरच्या ध्वनिक्षेपकावर निर्बंध आल्यापासून त्याला कात्री लागली. सकाळी पुन्हा ‘हजेरी’ असते. दिवे नाहीत, पडदा नाही, वग नाही. उन्हात, देवळासमोर, नुसती गाणी आणि ढोलकी. वादकाचा हात किती तयार आहे ते हजेरीत उघडे पडते, कारण तिथे झाकायला काही नसते. हजेरी संपून कुस्त्यांचा आखाडा भरेपर्यंत फडाचा ट्रक पुढच्या गावाच्या वाटेला लागलेला असतो. झोप होते ती चालत्या ट्रकमध्ये, बिछायतींच्या गठ्ठ्यांवर.

पैशाचा व्यवहार ‘उचली’वर चालतो. पावसाळ्यात खेळ नसतात, तेव्हा वादक मालकाकडून आगाऊ रक्कम उचलतो. पोरांची शाळा, लग्न, घराचे छप्पर त्यातूनच भागते आणि पुढचा हंगाम त्या फडाशी बांधला जातो. उचल फिटली नाही तर त्यापुढचाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे जत्राच भरल्या नाहीत, तेव्हा मालक आणि वादक एकाच वेळी कर्जात गेले.

फडात आता ऑर्गन, ऑक्टोपॅड आणि ड्रमसेट आहेत. चित्रपटगीतांचा भाग वाढला तसा ढोलकीचा वेळ कमी झाला. वगातली लढाई ऑक्टोपॅडवर भागते, गण आणि लावणी अजून भागत नाहीत.

जाहिरातीच्या फलकावर नाव असते मालकाचे आणि गाणारीचे. राज्य शासन विठाबाईंच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते, वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजनाही आहे. मात्र मानधनाच्या अर्जाला कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात आणि उभ्या आयुष्यात ज्याचे नाव कुठे छापले गेले नाही, त्या वादकाने ते आणायचे कुठून? फडमालकांनी दर हंगामाच्या जाहिरातीत ढोलकीवाल्याचे आणि हलगीवाल्याचे नाव छापावे. कागदावरच्या त्या एका ओळीने म्हातारपणी त्याची सोय होईल.