सजायाफ्ता आणि स्थानबद्ध

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू ‘शिक्षा भोगीत होते’ असे वाक्य पुष्कळदा कानी पडते. परंतु इंग्रजी कायदा ज्यांत कटाक्षाने भेद करतो, त्या ‘कन्व्हिक्ट’ आणि ‘डेटिन्यू’ या दोन शब्दांची त्यात गल्लत झालेली आहे. फिर्याद, पुरावा आणि निकाल या क्रमाने ज्याचा गुन्हा शाबीत होतो तो कन्व्हिक्ट, म्हणजे सजायाफ्ता; आणि घडलेल्या कृत्याबद्दल नव्हे, तर पुढे काही करील या संशयावरून सरकार नुसत्या हुकमाने ज्याला अडकवून ठेवते तो डेटिन्यू, म्हणजे स्थानबद्ध.

नेहरूंच्या वाट्याला या दोन्ही अवस्था लागोपाठ आल्या. १९४० साली गोरखपूरला त्यांच्या भाषणांवरून रीतसर खटला चालून चार वर्षांची सजा फर्मावण्यात आली, आणि डिसेंबर १९४१ मध्ये सरकारने त्यांना मुदतीपूर्वीच सोडले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत पकडून वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव प्रभृतींसह त्यांना खास आगगाडीने नगरला आणले, तेव्हा मात्र ना आरोप होता, ना न्यायाधीश, ना मुदत.

खटला नाही म्हणून स्थानबद्धता सौम्य, हा त्याहून घातक समज. सजायाफ्त्याला सुटकेची तारीख ठाऊक असते आणि अपिलाची वाट मोकळी असते. स्थानबद्धाला यांपैकी काहीच नाही. आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यास निवर्तल्या, त्या वेळी ते याच तटाच्या आत होते. आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या अवधीत नेहरू ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते, तेव्हा आपण केव्हा सुटणार हे त्यांना कोणीही सांगू शकत नव्हते. (सुटका झाली ती १५ जून १९४५ रोजी, तीही नगरहून नव्हे, अल्मोड्याहून.)

न्यायालयाने काय केले असते, असे कोणी विचारील. मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात २२ एप्रिल १९४३ रोजी फेडरल कोर्टाने भारत संरक्षण नियमांतील स्थानबद्धतेचा नियम २६ अवैध ठरविला. पण आठवड्याच्या आतच वटहुकूम निघून ती त्रुटी पूर्वलक्षी प्रभावाने बुजविण्यात आली.

हा सारा प्रकार इंग्रजांबरोबर गेला, असेही मानू नये. संविधानाचे कलम २२ अटक झालेल्या इसमास चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची हमी देते. तेच कलम प्रतिबंधक स्थानबद्धाला त्या हमीतून वगळते.